इंजिन बदलले, काट्याला कोण सांगणार?

जुनी गाडी मोडीत काढायची म्हटले की आपल्याकडच्या माणसाचा जीव खालीवर होतो. इंजिन थकले तर दुसरे बसवू, पण दारातली गाडी हलवायची नाही, हा आपला खाक्या. डिझेल आणि पेट्रोलच्या दरांत मोठी तफावत होती, त्या काळात कित्येक पेट्रोल गाड्यांच्या पोटात डिझेलची इंजिने गेली. आज हौसेने जुन्या गाड्या सांभाळणारी नवी पिढी हेच काम वेगळ्या कारणासाठी करते. मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झालेले असतात आणि आजोबांची गाडी तर रस्त्यावर धावती हवी असते. उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत हाताशी असल्यावर माउंटिंग बनवून घेणे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडपट्टी कातून घेणे ही कामे बेळगावकरांना अवघड नाहीत.

इंजिन बसते, गाडी सुरू होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मग कोणाचे तरी लक्ष डॅशबोर्डकडे जाते. गाडीचा वेग दाखवणारा काटा बहुधा ठीक असतो, कारण जुन्या गाड्यांत त्याची केबल गिअरबॉक्समधून येते. त्याच्या शेजारचा, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते सांगणारा काटा मात्र एकतर निपचित पडलेला असतो, नाहीतर भलतेच आकडे दाखवत असतो. याला पुस्तकात टॅकोमीटर म्हणतात. गॅरेजमध्ये तो आरपीएम मीटर. ‘गाडी चालते आहे ना, मग काट्याचे काय एवढे?’ असे म्हणून बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो. तो तिथे का संपू नये आणि त्या काट्याला नवे इंजिन कसे समजावून द्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

काटा नेमके काय मोजतो?

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की विजेवर चालणारा हा मीटर इंजिनाचे फेरे मोजतच नाही. तो मोजतो ठिणग्या. पेट्रोल इंजिनात इग्निशन कॉइलमधून ठिणगी पडली, की कॉइलच्या तारेत विजेचा एक ठोका उमटतो. मीटर ते ठोके मोजतो आणि त्यावरून फेऱ्यांचा अंदाज बांधतो. अंदाज बांधायला त्याला एक गोष्ट आधीच ठाऊक असावी लागते: एका फेऱ्याला किती ठिणग्या?

आपल्या गाड्यांची इंजिने फोर स्ट्रोक असतात. त्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना एकदाच ठिणगी पडते. म्हणजे एका फेऱ्याला सिलिंडरांच्या निम्म्या ठिणग्या. चार सिलिंडरांना दोन, सहांना तीन, आठांना चार. मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरांचे, त्याला दीड. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, सहांच्या इंजिनात १५० आणि आठांच्या इंजिनात २००.

कारखान्यातून मीटर बाहेर पडतो तेव्हा हे गणित त्याच्या पोटात पक्के बसवलेले असते. पुढे बॉनेटखाली काय बदलले, याचा त्याला पत्ता नसतो. तो जुन्याच हिशोबाने, तेवढ्याच आत्मविश्वासाने आकडा दाखवत राहतो. बंद पडलेला काटा निदान आपण बंद आहोत हे तरी सांगतो. चुकीचा काटा मात्र हुबेहूब बरोबर काट्यासारखाच दिसतो.

पाऊणकी, निमकी आणि दिडकी

परदेशातले एक गाजलेले उदाहरण घेऊ. जपानच्या डॅटसन कंपनीची २४०झेड ही गाडी १९६९ साली आली. तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे, २.४ लिटरचे. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी या गाडीत शेवरोलेचे आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन बसवण्याचा सपाटाच लावला. आता मीटर समजतो फेऱ्याला तीन ठिणग्या आणि इंजिन देते चार. परिणाम असा, की इंजिन खरोखर ३००० वर असताना काटा ४००० दाखवतो. खरा आकडा काढायचा तर काट्याच्या आकड्याची पाऊणपट करायची. आपल्या आजी-आजोबांनी शाळेत घोकलेली पाऊणकी ती हीच. कन्नड शाळेत शिकलेल्यांनी ‘मुक्कालु’ म्हणावे.

इथे काटा जास्त दाखवतो, म्हणजे चूक सावधपणाच्या बाजूची. धोका उलट दिशेने असतो. सहा सिलिंडरांच्या जुन्या गाडीत चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन बसवले, तर काटा दोन तृतीयांशच दाखवेल. काटा ३००० वर निवांत असेल, तेव्हा इंजिन ४५०० वर ओरडत असेल. इथे दिडकी लागते. दीड म्हणा की ‘ओंदूवरे’ म्हणा. आठ सिलिंडरांच्या मीटरला चार सिलिंडरांचे इंजिन जोडले, तर काटा निम्मेच सांगेल.

थोडक्यात नियम असा: नव्या इंजिनाचे सिलिंडर जुन्यापेक्षा जास्त असतील तर काटा वाढवून सांगतो, कमी असतील तर लपवतो. लपवणाऱ्याला अधिक भ्यावे. आणि सिलिंडरांची संख्या तीच असेल तर गणिताचा प्रश्न येत नाही, फक्त तार योग्य ठिकाणी जोडली आहे ना, एवढे पाहावे लागते.

मीटरच्या पोटातले मापटे

हे गणित मीटरमध्ये कुठे दडलेले असते? धान्य मोजणाऱ्या बाईची कल्पना करा. दर ठोक्याला ती एक मापटे तांदूळ ओतते. जास्त ठोके, जास्त तांदूळ. मीटरमधले छोटे सर्किट असेच करते. प्रत्येक ठोक्याला ते विजेचे एक ठरावीक माप पुढे सोडते, आणि काटा त्या सगळ्याची सरासरी दाखवतो. चार सिलिंडरांच्या मीटरमधले मापटे मोठे असते, आठांच्या मीटरमधले लहान. इंजिन बदलले की फक्त मापट्याचा आकार बदलायचा.

पुष्कळ जुन्या मीटरांत यासाठी एक बारीक फिरता रेझिस्टर असतो, त्याला प्रीसेट म्हणतात. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने तो फिरवला की काटा पुढे-मागे सरकतो. मूळ हेतू कारखान्यातली थोडीफार तफावत काढण्याचा असल्याने त्याचा आवाका पाऊणपट किंवा दीडपट करण्याइतका असेलच असे नाही. पुरला नाही तर शेजारचा कायम बसवलेला रेझिस्टर बदलावा लागतो. हे काम रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत हात बसलेला माणूस नीट करू शकतो. फिरवण्याआधी प्रीसेटची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवावी आणि डायलला बोट लावू नये. जुन्या डायलवरचा रंग बोटाबरोबर निघून येतो.

दुसरा मार्ग मीटर न उघडण्याचा. इंजिन आणि मीटर यांच्यामध्ये एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी बसवायची. ती इंजिनाचे ठोके ऐकते, ठरवून दिलेल्या पटीत कमी-जास्त करते आणि मीटरला समजतील असे ठोके पुढे पाठवते. आजोबांच्या गाडीचा मूळ मीटर जसाच्या तसा राहावा असे वाटणाऱ्यांसाठी हा मार्ग उत्तम, कारण उद्या डबी काढली की सगळे पूर्ववत.

ठोका ऐकण्याच्याही दोन तऱ्हा आहेत, त्या ओळखल्याशिवाय तारेला हात लावू नये. काही मीटर कॉइलच्या ऋण टोकाशी एका तारेने जोडलेले असतात आणि तिथला विजेचा उंच झटका टिपतात. दुसऱ्या तऱ्हेत कॉइलकडे जाणारा प्रवाहच मीटरमधून जातो. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीचे काही जुने मीटर आणि २४०झेडचे सुरुवातीचे मीटर याच तऱ्हेचे. अशी तार मीटरपाशी तुटली की काटा तर पडतोच, पण इंजिनही बंद पडते. ‘मीटर काढला आणि गाडीच सुरू होईना’ या कोड्याचे उत्तर बहुधा इथे असते.

ठिणगीच नसेल तर?

आपल्याकडचा खरा प्रश्न मात्र डिझेलचा. डिझेल इंजिनात ठिणगी नाही, कॉइल नाही. हवा दाबून इतकी तापवली जाते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पेट्रोलच्या मीटरला मग ऐकायलाच काही उरत नाही.

अशाच एका घरच्या गाडीच्या निमित्ताने एका गॅरेजमध्ये बसलो असताना तिथल्या मिस्त्रींनी गाडीच्या मालकिणीला सांगितलेले वाक्य माझ्या वर्गातल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा सरस होते. “अक्का, ह्या मीटरला मराठी तेवढं येतंय, आणि इंजिन कन्नड बोलायलंय. मधी कोणतरी दोन्ही येणारं पाहिजे की!” दोन्ही भाषांत वाढलेल्या त्या घराला दुभाष्याची गरज वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

हा दुभाषा बहुधा आल्टरनेटरवर भेटतो. डिझेल गाड्यांच्या पुष्कळ आल्टरनेटरांना ‘डब्ल्यू’ अशी खूण असलेले एक टोक असते. आल्टरनेटर फिरला की तिथे त्याच्या वेगाच्या प्रमाणात ठोके मिळतात. हिशोब असा: नेहमीच्या आल्टरनेटरमध्ये चुंबकी ध्रुवांच्या सहा जोड्या असतात, म्हणजे त्याच्या एका फेऱ्याला सहा ठोके. इंजिनाच्या मोठ्या पुलीमुळे आल्टरनेटर इंजिनाच्या अडीचपट फिरत असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्याला सहा गुणिले अडीच, म्हणजे १५ ठोके. चार सिलिंडरांच्या पेट्रोल मीटरला हवेत दोन. मधल्या डबीने साडेसातने भागले की काम झाले. मात्र पट्टा घसरत असेल किंवा पुढे कोणी वेगळ्या मापाची पुली बसवली, तर हिशोब पुन्हा बिघडतो.

याहून पक्का उपाय फ्लायव्हीलचा. स्टार्टर ज्या दातेरी कड्यात अडकतो, त्या कड्यासमोर एक चुंबकी सेन्सर बसवला की दर दात्याला एक ठोका मिळतो. कड्याला १२० दाते असतील, तर फेऱ्याला १२० ठोके. चार सिलिंडरांच्या मीटरसाठी ६० ने भागायचे. इथे पट्टाही नाही आणि घसरणेही नाही.

नव्या इंजिनांची नवी बोली

अलीकडच्या पेट्रोल इंजिनांत डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपल्या मिस्त्रींचा ‘डेल्को’, उरलेला नाही. चार सिलिंडरांना दोन कॉइल असतील तर प्रत्येक कॉइल फेऱ्याला एकदाच पेटते. मीटरची तार एकाच कॉइलला जोडली की काटा निम्मे दाखवतो. दोन्ही कॉइलचे ठोके डायोडमधून एकत्र आणले की पूर्ण. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असेल तर एकीवरून दोन फेऱ्यांना एकच ठोका मिळतो.

अशा वेळी कॉइलच्या नादी न लागता इंजिनाच्या संगणकाकडून, म्हणजे ईसीयूकडून, मीटरसाठी काढलेली तार वापरावी. पण तिथेही दोन अडचणी येतात. पहिली, हा ठोका सौम्य, पाच किंवा बारा व्होल्टचा असतो. जुन्या मीटरला सवय कॉइलच्या शेकडो व्होल्टच्या झटक्याची. दुसरी, काही ईसीयू ही तार फक्त खाली ओढू शकतात, वर नेऊ शकत नाहीत. दार लोटून लावता येते, पण उघडायला स्प्रिंग हवी, तसा प्रकार. ती स्प्रिंग म्हणजे बारा व्होल्टकडून त्या तारेला जोडलेला एक साधा रेझिस्टर. तेवढ्यानेही मीटर जागा झाला नाही, तर एखाद्या रिलेच्या कॉइलमधून झटका तयार करणारे छोटे सर्किट मध्ये घालतात.

गणित तरीही तपासावेच. अमेरिकेच्या जनरल मोटर्सची एलएस मालिकेतली इंजिने १९९७ पासून आली आणि जुन्या गाड्यांत बसवण्यासाठी फार लोकप्रिय झाली. आठ सिलिंडर असूनही त्यांचे बहुतेक संगणक मीटरला फेऱ्याला दोनच ठोके देतात, चार सिलिंडरांच्या इंजिनासारखे. जुना आठ सिलिंडरांचा मीटर त्यावर निमकीच दाखवणार. तेव्हा नुसते सिलिंडर मोजून भागत नाही; ठोके मोजावे लागतात.

ट्यूबलाइटची साक्ष

काटा जुळवला, पण तो खरा कशावरून? साक्ष दुसऱ्या कोणाची तरी हवी. सर्वांत सोपा उपाय म्हणजे हातात धरायचा डिजिटल टॅकोमीटर. क्रँकच्या पुलीवर चकाकत्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा आणि दुरून प्रकाशाचा झोत टाकायचा. लेथवर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे तो हमखास सापडतो.

तो नसेल तर जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट कामाला येते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. अंधाऱ्या गॅरेजमध्ये क्रँकच्या पुलीवर खडूने पांढरी रेघ ओढून या ट्यूबच्या उजेडात इंजिन चालवले, तर १००० फेऱ्यांना जागच्या जागी उभ्या असलेल्या सहा पुसट रेघा दिसतात, १५०० ला चार, २००० ला तीन आणि ३००० ला समोरासमोर दोन. रेघा हळूहळू सरकत असतील तर वेग किंचित कमी किंवा जास्त आहे असे समजावे. तीन रेघा ४००० लाही दिसतात, पण दुप्पट वेगाचा फरक कानाला कळतो. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबवर हे जमत नाही. एलईडीचा तर भरवसाच नाही.

मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा, पण दुरून. पदर, ओढणी, मफलर, सैल बाह्या पट्ट्यापासून लांब असाव्यात. याच उजेडात फिरती वस्तू थांबल्यासारखी दिसते, म्हणून कारखान्यांत यंत्रांवरचे असे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची पद्धत आहे.

रस्त्यावरची तपासणीही सोपी आहे. टॉप गिअरचे प्रमाण एकास एक, मागच्या अ‍ॅक्सलचे चारास एक आणि टायरचा एक फेरा दोन मीटरचा असेल, तर २००० फेऱ्यांना चाक मिनिटाला ५०० वेळा फिरेल, म्हणजे १००० मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. शेजारी बसलेल्याने मोबाइलवरचा जीपीएस वेग वाचायचा आणि काटा २००० वर आहे का ते पाहायचे. गिअर आणि अ‍ॅक्सलचे आकडे गाडीगणिक वेगळे असतात, ते माहितीपुस्तकातून घ्यावेत.

लाल पट्टा आणि घाट

काटा बरोबर झाला तरी एक काम उरतेच. डायलवरचा लाल पट्टा जुन्या इंजिनाचा आहे. पेट्रोल इंजिनाचा पट्टा सहा हजारांपुढे सुरू होत असेल आणि आत आता साडेचार हजारांवर दम तोडणारे डिझेल असेल, तर काटा खरा आणि पट्टा खोटा. नव्या इंजिनाची मर्यादा पाहून काचेवर बाहेरून एक बारीक लाल पट्टी चिकटवली तरी पुरते.

हे इतके महत्त्वाचे का? पिस्टन वर-खाली फेकताना कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३००० समजून इंजिन ४५०० वर नेले, तर वेग दीडपट आणि ताण सव्वादोनपट. डिझेलच्या पंपातला गव्हर्नर मर्यादेपलीकडे इंधन देत नाही, म्हणून सपाटीवर सहसा काही बिघडत नाही. खरी परीक्षा उतारावर. चोर्ला घाटातून गोव्याकडे किंवा आंबोलीतून सावंतवाडीकडे उतरताना आपण खालचा गिअर टाकतो आणि गाडीचे वजन चाकांमार्फत इंजिनाला फिरवू लागते. तिथे इंधन तोडून उपयोग नसतो. गव्हर्नरच्या हातात काहीच राहत नाही. एक गिअर जास्तच खाली पडला, तर ते सांगणारा डॅशबोर्डवर तो काटाच असतो. मागे मुले आणि म्हातारी माणसे बसलेली असताना ब्रेक वाचवण्यासाठी ज्या इंजिनावर आपण भार टाकतो, त्याची खरी अवस्था कळायला हवी.

कागदही जुळवा

काट्याबरोबर कागदही जुळले पाहिजेत. इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार नोंदणी पुस्तकात असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम काटेकोरपणे पाळण्यावर भर दिला आहे. तेव्हा इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओ कार्यालयात विचारावे आणि मंजुरी मिळाल्यावर विमा कंपनीलाही कळवावे. आपल्या भागात सकाळी निघालेली गाडी दुपारपर्यंत दोन राज्यांच्या हद्दी ओलांडते. अर्धवट कागद कुठल्या नाक्यावर अडचणीत आणतील, हे सांगता येत नाही.

सगळे जुळले, ट्यूबलाइटने साक्ष दिली, की शेवटचे एक काम दहा मिनिटांचे आहे. एका जाड कागदावर लिहावे: कोणते इंजिन बसवले, ठोके कुठून घेतले, फेऱ्याला किती, डबीत कितीने भागले, लाल मर्यादा किती आणि कोणत्या तारखेला तपासले. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवावा. दहा वर्षांनी बॉनेट उघडणारा मिस्त्री निपाणीचा असेल की धारवाडचा, कोण जाणे. म्हणून मजकूर मराठीत लिहावा आणि त्याखाली कन्नडमध्येही.